गब्बरच्या पलीकडचे अमजद खान

जिंतूरच्या आमच्या उर्दू शाळेत गॅदरिंग जवळ आले की एक तरी गब्बर तयार होतो. हातात बापाचा कमरपट्टा, दाताला काजळी, आणि संवाद आम्हा शिक्षकांपेक्षा पोरांनाच जास्त पाठ. ही पोरे २०१० नंतर जन्मलेली. मरहूम अमजद खान यांचा इंतकाल २७ जुलै १९९२ रोजी झाला, तेव्हा आम्ही स्वतः चालायला शिकत होतो. म्हणजे 'शोले' आम्हीही थेटरात पाहिला नाही. वडिलांच्या तोंडून ऐकला आणि मग टीव्हीवर पाहिला. तरी हा माणूस आमच्या घरातलाच. तो घरात आला मात्र एकाच नावाने, आणि आमची तक्रार नेमकी तीच आहे.

गेल्या वर्षी नववीला प्रेमचंद शिकवताना आम्ही सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'चा थोडा भाग लॅपटॉपवर दाखवला. पडद्यावर नवाब वाजिद अली शाह आले. जडावलेला देह, सुरम्याचे डोळे, आवाज असा की जणू कोणाची झोप मोडू नये म्हणून बोलतोय. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ये तो गब्बर है ना?" आम्ही मान हलवली. पाच मिनिटे शांतता. मग तोच मुलगा म्हणाला, "फिर लड़ता कायकू नै?"

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला वर्गात नीट देता आले नाही. हा लेख त्याच नामुष्कीतून लिहिला आहे.

'शोले' १५ ऑगस्ट १९७५ चा. गब्बरची भूमिका आधी डॅनी यांच्याकडे होती. ते 'धर्मात्मा'च्या चित्रीकरणात अडकले आणि सलीम-जावेद यांच्या शिफारशीने ती अमजद खान यांच्याकडे आली. वडील जयंत, म्हणजे झकारिया खान, पेशावरकडच्या पठाण घराण्यातले, पडद्यावरचे मोठे नाव. मुलाचा गब्बर लोकांपुढे येण्याआधीच, जून १९७५ मध्ये, ते वारले. सासरे कोण, तर अख्तर-उल-ईमान! ज्यांच्या 'यादें' या संग्रहाला १९६२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ज्यांनी 'वक्त'चे संवाद लिहिले, ते उर्दूचे थोर शायर. अशा घरातला, उर्दूत वाढलेला नट चंबळच्या डाकूची खरखरीत बोली इतकी आपलीशी करतो की देशभरातली पोरे ती घोकतात, ही त्याच्या कलेची करामत. पण त्याच करामतीने पुढे त्याला कोंडून टाकले. बिस्किटाच्या जाहिरातीतही गब्बरच, आणि १९९१ साली 'रामगढ के शोले'तही पुन्हा तोच, आता विडंबन म्हणून.

जगात हे इतरांच्याही वाट्याला आले. शॉन कॉनरी यांना लोकांनी गुप्तहेर जेम्स बाँड म्हणूनच डोक्यावर घेतले. त्याच १९७५ साली ते दोन चित्रपटांत अगदी वेगळे दिसले. एकात मोरोक्कोचा बंडखोर मुस्लिम सरदार रैसुली, दुसऱ्यात किप्लिंगच्या कथेतला, काफिरिस्तानचा राजा होऊ पाहणारा इंग्रज फौजेतला फाटका शिपाई. या दुसऱ्या चित्रपटात त्यांच्याबरोबर सईद जाफरी होते, तेच जे 'शतरंज के खिलाडी'त मीर रोशन अली झाले. कॉनरी यांनी बाँड सोडण्यासाठी धडपड केली, आणि १९८७ च्या 'द अनटचेबल्स'मधल्या म्हाताऱ्या पोलिसासाठी त्यांना ऑस्करही मिळाले. अमजद खान यांना ती चैन परवडणारी नव्हती. आपल्याकडे नट भूमिका निवडतो कमी, येईल ती घेतो जास्त. म्हणूनच त्यांनी जे थोडे निवडले, ते मोलाचे वाटते.

'शतरंज के खिलाडी' १९७७ चा. राय यांचा हा पहिला उर्दू-हिंदी चित्रपट. मुंबईतला सर्वात गाजलेला खलनायक त्यांनी अवधच्या शेवटच्या बादशहासाठी घ्यावा, हे तेव्हा अनेकांना विचित्र वाटले असेल. आदल्याच वर्षी मुंबई-गोवा रस्त्यावर अमजद यांना भयंकर अपघात झाला होता. पुढच्या काळात त्यांचे शरीर सुटत गेले ते त्यानंतरच. गब्बरमध्ये त्यांचा आवाज एका दमात दरीत उतरून डोंगर चढतो. वाजिद अलींमध्ये तो चढतच नाही. वाक्याचा शेवट ते हळूच खाली ठेवतात, जसे कोणी चिनी मातीची पेयाली ठेवावी. तलफ्फुज तर असे की आम्ही बी.एड.च्या तालमीत जे शिकलो नाही ते या एका भूमिकेने शिकवले. वजीर रडत येतो, तेव्हा बादशाह त्याला रागावत नाही, चकित होतो. शेर आणि सूर सोडून दुसऱ्या कशाने पुरुषाच्या डोळ्यांत पाणी यावे, हे त्याला समजतच नाही. आणि अखेर जनरल ऊट्रमसमोर तो डोक्यावरचा ताज उतरवून पुढे करतो. ताज घ्या, पण करारावर सही होणार नाही. अवध ७ फेब्रुवारी १८५६ रोजी कंपनीने गिळले.

या चित्रपटावर टीका झाली होती. 'इलस्ट्रेटेड वीकली'त राजबंस खन्ना यांनी आक्षेप घेतला की नवाबाची प्रतिमा इंग्रजांच्याच चष्म्यातून आली आहे, आणि राय यांनी त्याला सविस्तर उत्तर दिले. आम्हाला आक्षेपात अर्धे तथ्य वाटते. दुसऱ्याच वर्षी लखनौत बेगम हजरत महल लढायला उभ्या राहिल्या, त्या लखनौची चाहूल या चित्रपटात नाही. बुद्धिबळाच्या पटावर झुकलेल्या दोन जहागीरदारांवरून सगळ्या कौमेचे माप काढणे आपल्या शत्रूला फार सोयीचे असते. पण उरलेले अर्धे तथ्य अमजद खान यांनी खोडून काढले आहे. लेखणी नवाबाला दुबळा ठरवू पाहते, तिथे नट त्याला दुबळा होऊ देत नाही. ताज पुढे करणारे ते हात थरथरत नाहीत. मागच्या बाकावरच्या त्या पोराला आम्ही आता हेच सांगू: बेटा, तो लढतोय, फक्त तुला सवय आहे तशा आवाजात नाही.

एक गंमत. अमजद खान यांना तीन फिल्मफेअर पुरस्कार मिळाले, 'दादा', 'याराना' आणि 'माँ कसम' यांसाठी. गब्बरसाठी एकही नाही! 'शोले'लाच मुळी एकच फिल्मफेअर मिळाले, संकलनाचे, तेही एम. एस. शिंदे या आपल्या मराठी माणसाला. 'याराना'तला मित्र बिशन खलनायकीच्या पूर्ण उलट, मित्रासाठी आपले सगळे गहाण टाकणारा. बासू चटर्जींच्या 'चमेली की शादी'त (१९८६) तर ते वकील झाले आणि जातीबाहेर लग्न करू पाहणाऱ्या जोडप्याच्या पाठीशी उभे राहिले, तेही हसत-खिदळत. गिरीश कार्नाड यांच्या 'उत्सव'मधला वात्स्यायन आम्हाला फारसा रुचला नाही. तिथे नट मजा घेतो, भूमिका नाही. त्यांनी दिग्दर्शित केलेले दोन चित्रपट, 'चोर पुलिस' आणि 'अमीर आदमी गरीब आदमी', यांबद्दल न बोललेले बरे.

आता हे सगळे आम्हाला इतके का खुपते? काही वर्षांपूर्वी एका मराठी नियतकालिकाच्या संपादकांना आम्ही ललित लेख पाठवला होता, येलदरीच्या धरणावर गेलेल्या शाळेच्या सहलीचा. उत्तर आले की लेख चांगला आहे, पण 'तुमच्या समाजाचे' काही पाठवा, तलाक किंवा दंगल. आम्हाला तलाकवरही लिहायचे आहे, दंगलीवरही. पण धरणाचे पाणीही आमचेच आहे ना? लेख परत आला त्या रात्री आम्ही लॅपटॉप उघडून वाजिद अलींचा तो प्रवेश पुन्हा पाहिला. का पाहिला ते तेव्हा कळले नव्हते.

अमजद खान यांचा 'रुदाली' त्यांच्या मागे, १९९३ साली आला. महाश्वेतादेवींच्या कथेवरचा, कल्पना लाजमींचा. त्यात ते मरणाच्या दारातले जमीनदार आहेत. आपण मेल्यावर घरचे कोणी रडणार नाही याची त्यांना खात्री आहे, म्हणून ते पैसे देऊन रडणारी बोलावतात. पुरुषाच्या डोळ्यांत पाणी कशाने यावे हे विचारणारा बादशाह आणि अश्रू विकत घेणारा हा जमीनदार, दोन्ही एकाच माणसाने केले. पलंगावर पडल्या पडल्या ते खोलीतल्या आपल्याच माणसांकडे पाहतात. ती नजर गब्बरची नाही, नवाबाचीही नाही.

यंदाच्या गॅदरिंगला त्याच मुलाने गब्बर मागितला आहे. आम्ही होकार दिला. सरावाच्या दिवशी मात्र तो विचारत होता, सर, दुसरा वो ताज वाला भी कर सकते क्या, और उसका तलफ्फुज आप सिखाएंगे क्या. आम्ही म्हटले, बेटा, पहिले तो 'क़ाफ' घोटून ये.