शोक, आशा आणि प्रतिमाभंजन : सी. एस. लुईस यांच्या ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड’चा एक विचार

मराठीत ‘आशा’ हा शब्द निर्मळ नाही. संतवाङ्मयात तो बहुधा तृष्णेच्या जोडीने येतो. आशा म्हणजे माणसाला बांधून ठेवणारी, दारोदार फिरवणारी आणि म्हणून टाकून द्यावयाची गोष्ट. मराठी बायबलात मात्र याच शब्दाला श्रद्धेच्या बरोबरीचे स्थान मिळाले. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात विश्वास आणि प्रीती यांच्यामध्ये आशा उभी आहे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ मृत्यूच्या प्रसंगी एकमेकांत मिसळतात. ख्रिस्ती सांत्वनपर लेखनातील पुष्कळसा पोकळपणा या मिसळीतून येतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. गेलेले माणूस परत भेटावे ही इच्छा यांपैकी कोणती आशा? सी. एस. लुईस यांचे ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड’ हे छोटेखानी पुस्तक या प्रश्नाचा छडा लावणारे म्हणून वाचता येते.

पुस्तकाची पार्श्वभूमी परिचित आहे. अमेरिकन कवयित्री जॉय डेव्हिडमन यांच्याशी लुईस यांनी १९५६ मध्ये नोंदणी पद्धतीने विवाह केला. त्यानंतर कर्करोगाचे निदान झाले आणि १९५७ च्या मार्चमध्ये रुग्णशय्येपाशी ख्रिस्ती विधीने विवाह झाला. आजार काही काळ मागे हटला, पण १३ जुलै १९६० रोजी जॉय यांचे निधन झाले. त्यानंतरच्या नोंदी १९६१ मध्ये ‘एन. डब्ल्यू. क्लार्क’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाल्या. पत्नीचा उल्लेख त्यांत केवळ ‘एच.’ या अक्षराने येतो. १९६३ मध्ये लुईस वारले आणि मग पुस्तकावर त्यांचे खरे नाव आले.

‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’ (१९४०) या ग्रंथात दुःखाचा तर्कशुद्ध उलगडा मांडणारा हाच लेखक येथे ईश्वराच्या दारावर धडका मारतो, आणि दार आतून कड्या घालून बंद केल्याचे त्याला ऐकू येते. ईश्वर नाही असे वाटू लागेल याचे त्याला भय नाही. ईश्वर आहे आणि तो असाच निर्दय आहे, असे वाटू लागेल याचे भय आहे. नास्तिकाच्या संशयापेक्षा हे भय अधिक जाचक आहे, कारण त्याला पळून जायला जागा उरत नाही.

पुनर्भेटीच्या सांत्वनाचा लुईस यांनी केलेला अव्हेर पुस्तकाच्या मर्मस्थानी आहे. पैलतीरावर सारे नातलग जुन्याच रूपात भेटतील, हे चित्र शास्त्रात नाही, ते सुमार भजनांतून आले आहे, असे ते बजावतात. गेलेल्या व्यक्तीला परत बोलावणे हे तिच्यावर अन्यायकारक ठरेल, हेही ते जाणतात. स्तेफनाला पहिला हुतात्मा म्हणतात, पण ज्याला दुसऱ्यांदा मरावे लागले त्या लाजाराचे काय, हा त्यांचा प्रश्न विनोदी वाटतो. तो विनोद नाही. आपल्याला हवे आहे ते केवळ आपले गतसुख, ही कबुली त्यामागे आहे. तृष्णारूप आशा येथे नाव घेऊन ओळखली जाते.

मग बदल कोठे होतो? तिसऱ्या भागात एका सकाळी मन हलके वाटते. लुईस कारणे देतात ती अगदी साधी : थकवा ओसरला होता, आदल्या दिवशी श्रम झाले होते, रात्री झोप लागली होती, दहा दिवसांच्या मळभानंतर ऊन पडले होते. धर्मपर लेखनात असा प्रामाणिकपणा विरळा. दृष्टान्त नाही, वाणी नाही. आणि नेमक्या त्या क्षणी, शोक सर्वांत कमी असताना, एच. सर्वांत स्पष्ट आठवते. उत्कट शोक आपल्याला मृतांशी जोडत नाही, उलट तोडतो, हे त्यांचे निरीक्षण शोकालाच निष्ठा मानणाऱ्या आपल्या समजुतीला धक्का देते.

जॉन बेव्हर्स्लुइस यांच्यासारख्या अभ्यासकांनी (१९८५) असा आक्षेप घेतला आहे की, अखेरीस परत मिळालेली ही श्रद्धा बुद्धीला पटणारी राहिलेली नाही; ईश्वराचे चांगुलपण मानवी कसोटीपलीकडे ढकलून ती वाचवली गेली. आक्षेपात तथ्य आहे. लुईस यांनी पहिल्या भागातील प्रश्नांना उत्तर दिलेले नाही. परंतु उत्तर मिळाले असा त्यांचा दावाही नाही. बंद दाराऐवजी आता एक मौन आहे आणि त्या मौनात करुणा आहे, एवढेच ते म्हणतात.

त्यांचा खरा शोध प्रतिमेविषयीचा आहे. स्मृतीत एच.चे हळूहळू आपल्या सोयीचे चित्र होत आहे, याची त्यांना धास्ती वाटते. ईश्वराविषयीही हेच घडते. म्हणून ईश्वर हा मोठा प्रतिमाभंजक आहे, असा निष्कर्ष ते काढतात. येथे मराठी वाचकाला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण व्हावी. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये निवर्तले. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांचा तापटपणा, लहरीपणा, संसारातील बेफिकिरी सारे जसेच्या तसे आहे. पतीचा पुतळा उभारण्याचा मोह त्या ख्रिस्ती विधवेला झाला नाही. पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ मात्र तिने पूर्ण केले. लुईस यांना जे चिंतनाने गवसले ते लक्ष्मीबाईंच्या स्वभावातच होते, असे म्हणण्याचा मोह होतो.

चौथ्या भागात लुईस स्तुतीकडे वळतात : आधी देणाऱ्याची, मग दिलेल्या देणगीची. एच.च्या सान्निध्याचा एक क्षणिक अनुभवही ते नोंदवतात. त्यात भावविवशता नाही. दूरध्वनीवर कामाचे बोलणे व्हावे तसा तो कोरडा, तरीही प्रसन्न. त्याला पुरावा मानण्याचे ते टाळतात. पौलाची आशा येथे दिसते असे म्हणावयाचे तर ती इतक्याच माफक रूपात : मागणे सुटले आहे, नाते सुटलेले नाही.

हे टिपण चौथ्या वहीतच का थांबते, याचेही कारण लुईस सांगतात. घरात सापडलेल्या कोऱ्या वह्यांपैकी ती शेवटची होती, आणि या कामासाठी नव्या वह्या विकत आणावयाच्या नाहीत, असे त्यांनी ठरवले होते.