बल्लारपूरचा किल्ला : कथा आणि नाव

माजरीच्या खालच्या अंगास, वर्धेकाठी, बल्लारपूरचा गोंडकालीन किल्ला आहे. मेजर ल्यूसी स्मिथ यांच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालातील गोंड राजवंशाचा वृत्तान्त मौखिक परंपरेवर उभा आहे. पुढील लेखकांनी मात्र तो लेखी पुराव्यासारखा वापरला, हे सदोष होय. झरपटीच्या पाण्याने खांडक्या बल्लाळशहाचे व्रण बरे झाले व राजधानी चंद्रपुरास गेली, ही कथा राजापुरतीच आहे. राजवाड्याभोवतीच्या वस्तीविषयी ती मौन पाळते. तेथे गावाचे नाव साक्ष देते. झाडीबोलीत ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो, तसेच ‘बल्लाळपूर’चे ‘बल्लारपूर’. या परिवर्तनाचा काळ नावावरून ठरत नाही. परंतु राजा गेला तरी ते नाव उच्चारणारी माणसे राहिली, एवढे त्यावरून निश्चित दिसते. अवशेषांच्या अभ्यासकाने तटाबरोबर ही वस्तीही शोधली पाहिजे.