ग्लासात पडलेले भुंगेरे नेमकं काय सांगतात?

शेतातल्या ग्राउंड बीटल्सवर, म्हणजे कॅराबिडी कुळातल्या भुंगेऱ्यांवर काम करायचं ठरवत असाल, तर सॅम्पलिंगआधी एक जुना पेपर वाचाच: ग्रीनस्लेड, १९६४, 'जर्नल ऑफ अ‍ॅनिमल इकॉलॉजी'.

पिटफॉल ट्रॅप म्हणजे काठ जमिनीला समपातळीत येईल असा पुरलेला ग्लास. चालता चालता भुंगेरा त्यात पडतो. ग्रीनस्लेड इथेच बोट ठेवतात: जो चाललाच नाही, तो पडणार कसा? ट्रॅपभोवती झाडोरा दाट असला की चालायला अडथळा होतो आणि पकड घटते. म्हणून दोन वेगळ्या अधिवासांतल्या संख्येची तुलना यावरून करू नका, असं ते ठणकावून सांगतात.

मी हे उशिरा वाचलं. पहिल्या हंगामात कोळपलेल्या सोयाबीनमध्ये तण ठेवलेल्या सोयाबीनपेक्षा जास्त भुंगेरे मिळाले आणि मी खूश! पण तणात भुंगेरे खरंच कमी होते, की तिथे त्यांना नीट चालता येत नव्हतं? माझा डेटा हे सांगूच शकत नव्हता. अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.

तरी हा पेपर डोळे झाकून स्वीकारू नका. ग्रीनस्लेड दार जरा जास्तच घट्ट लावतात. १९७९ मध्ये बार्स यांनी नेदरलँड्समधल्या कामातून दाखवलं, की वर्षभर सलग ट्रॅप ठेवले तर एखाद्या प्रजातीची एकूण पकड तिच्या सरासरी घनतेशी जुळते. म्हणजे पद्धत टाकाऊ नाही, प्रश्न नीट विचारायला हवा.

मात्र हा दिलासा एकेका प्रजातीपुरताच. आपण शॅनन इंडेक्स काढतो तेव्हा वेगवेगळ्या प्रजातींचं प्रमाण मोजतो. धावऱ्या प्रजाती ग्लासात जास्त पडणार, सुस्त कमी. मग तो आकडा विविधतेचा की चालण्याचा? दोन्हींची खिचडीच म्हणा ना!

म्हणून तीन गोष्टी करा. निकालात 'संख्या' न लिहिता 'अ‍ॅक्टिव्हिटी डेन्सिटी' लिहा. प्रत्येक ट्रॅपभोवतीचा झाडोरा नोंदवा. आणि काही ठिकाणी ठरावीक जागा चौकटीने बंद करून आतले भुंगेरे हाताने वेचून मोजा, म्हणजे ट्रॅपची पकड पडताळता येईल.

व्हायवात हा प्रश्न येतोच. पण त्याआधी तो तुम्ही स्वतःला विचारा.