हा मुलगा कोणाचा?

कोठें तरी बाँब उडाल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते, आणि त्या संध्याकाळीं घरोघरीं चहाबरोबर एकच खटला चालू होतो. पुरावा पुढें आलेला नसतो, मृतांचीं नांवेंहि पुरतीं कळलेलीं नसतात. तरी फिर्यादी, वकील आणि न्यायाधीश या तिन्ही भूमिका वठविण्यास मंडळी सिद्ध असतात. या खटल्यांतील पहिला प्रश्न बहुधा 'कृत्य कां घडलें' हा नसतो. 'करणारा कोणांपैकीं' हा असतो. त्याचें नांव, त्याचा धर्म, त्याच्या बापाचा मूळ देश एवढें कळलें कीं निम्म्या मंडळींचें समाधान होतें आणि उरलेल्यांना उगाच अपराध्यासारखें वाटूं लागतें. पहिले म्हणतात, "तरी आम्ही सांगत होतों." दुसरे म्हणतात, "सगळ्यांना एका मापानें मोजूं नका." दोन्ही पक्षांचीं वाक्यें पाठ झालेलीं असल्यामुळें कोणी कोणाचें ऐकत नाहीं.

अशा वादांत कादंबरीनें काय बोलावें, हा प्रश्न मनांत ठेवून आम्हीं दोन इंग्रजी कादंबऱ्या ओळीनें वाचल्या. पहिली जोसेफ कॉनरॅडची 'दि सीक्रेट एजंट' ही १९०७ सालची. दुसरी कमिला शमसी यांची 'होम फायर' ही २०१७ सालची. दोहोंमध्यें एकशें दहा वर्षांचें अंतर आहे. परंतु दोहोंचें मुख्य रंगस्थळ लंडन हेंच, आणि दोहोंचे लेखक त्या देशांत बाहेरून आलेले. कॉनरॅड हा रशियाच्या अमलाखालील मुलखांत एका पोलिश कुळांत १८५७ सालीं जन्मला व १८८६ सालीं ब्रिटिश प्रजाजन झाला. शमसीबाई कराचीच्या, पुढें त्या ब्रिटिश नागरिक झाल्या. उपऱ्यांविषयीं यजमानांच्या घरांत काय बोललें जातें, हें दोघांनाहि ऐकून ठाऊक होतें.

कॉनरॅडच्या कथेला एका खऱ्या घटनेचा आधार आहे. १५ फेब्रुवारी १८९४ रोजीं ग्रीनिचच्या बागेंत, वेधशाळेच्या नजीक, मार्शल बूर्दँ नांवाचा एक तरुण फ्रेंच अराजकवादी आपल्याजवळच्याच बाँबनें मेला. वेधशाळेला कांहीं इजा झाली नाहीं. पुढें रशियाच्या मुलखांतून पळून येऊन लंडनच्या पूर्व भागांत वसणाऱ्या यहुदी लोकांविरुद्ध ओरड वाढत गेली. हे लोक आले म्हणजे मजुरी उतरते, खोल्यांचीं भाडीं चढतात आणि अराजक माजतें, असें बोललें जाऊं लागलें. आणि १९०५ सालीं परकीयांच्या प्रवेशास आळा घालणारा कायदा पार्लमेंटानें मंजूर केला. त्यानंतर दोन वर्षांनीं ही कादंबरी बाहेर पडली.

कथानक थोडक्यांत असें: व्हर्लॉक नांवाचा गृहस्थ सोहोंतील एका गल्लींत संशयास्पद मालाचें दुकान चालवितो. त्याची ऊठबस अराजकवाद्यांत. पण आंतून तो एका परकीय वकिलातीचा पगारी हेर आहे. इंग्लंड सर्व देशांच्या बंडखोरांना आसरा देतें, याचा त्या वकिलातींतील व्लॅडिमिर नामक अधिकाऱ्यास संताप आहे. तो व्हर्लॉकला फर्मावतो कीं, ग्रीनिचच्या वेधशाळेवर बाँब टाक, म्हणजे इंग्रज मध्यमवर्ग घाबरून आपण होऊनच दारें लावून घेईल. या एका प्रसंगांत कॉनरॅडनें जें हेरलें आहे, तें आजच्या पुष्कळ राजकीय ग्रंथांत सांपडत नाहीं. बाँबचें लक्ष्य इमारत नव्हेच. दुसऱ्या दिवशीं सकाळीं घरोघरीं होणारें बोलणें हें त्याचें लक्ष्य आहे. परक्यांना हांकलून देण्यास जी भीति लागते ती मुद्दाम पैदा करावयाची आहे. आणि आपल्या बैठकीच्या खोलींत रागानें बोलणारा सभ्य गृहस्थ त्या कारस्थानांत नकळत भागीदार होणार आहे.

पण कथेचा प्राण कारस्थानांत नाहीं. व्हर्लॉकची बायको विनी हिचा धाकटा भाऊ स्टीव्ही मंदबुद्धि आहे. भाड्याच्या गाडीच्या मरतुकड्या घोड्यावर चाबूक उठलेला पाहून त्याचा जीव कासावीस होतो. घोड्याची कींव करावी कीं त्या दरिद्री गाडीवानाची, हें न कळून तो तोतरा होतो. ज्याला जनावराच्या पाठीवरचा वळ पाहवत नाहीं, त्याच्याच हातीं व्हर्लॉक तो स्फोटक डबा देतो. कारण मेव्हण्याच्या चांगुलपणावर त्याचा देवासारखा विश्वास आहे. जहाल पंथाची दीक्षा देणारे नेहमीं क्रूर पोरेंच शोधतात, अशी आपली समजूत असते. ज्याच्या मनाला जगांतलें दुःख फार लागतें आणि तें कोणाजवळ बोलावें हें ज्याला कळत नाहीं, तो त्यांच्या अधिक उपयोगी पडतो, असें कॉनरॅड दाखवितो. झाडाच्या मुळाला ठेंच लागून स्टीव्ही पडतो आणि त्याच्या देहाच्या चिंधड्या होतात. त्या चिंधड्यांत पोलिसांना एक पत्ता सांपडतो. पोरगें रस्त्यांत चुकलें तर कोणी घरीं आणून पोंचवावें, म्हणून बहिणीनें तो त्याच्या कोटाला आंतून शिवलेला असतो.

१९२० सालीं लिहिलेल्या प्रस्तावनेंत कॉनरॅडनें या कथेचें बीज सांगितलें आहे. ग्रीनिचच्या स्फोटासंबंधानें बोलतां बोलतां एका मित्रानें, मेलेला तरुण अर्धवट होता आणि त्याच्या बहिणीनें मागाहून जीव दिला, अशी हकीकत सहज सांगितली होती. त्या हकीकतींत तथ्य किती, हा प्रश्न निराळा. कादंबरीकाराच्या मनांत बाँबपेक्षां ती बहीण राहिली, हें महत्त्वाचें.

'होम फायर'चा आरंभहि एका बहिणीपासून होतो. लंडनच्या वेंब्ली भागांत वाढलेली इस्मा पाशा उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेस निघाली आहे. हीथ्रोच्या विमानतळावर तिची इतका वेळ उलटतपासणी होते कीं तिचें विमान चुकतें. राणीविषयीं तुझें मत काय, अमुक कार्यक्रम पाहतेस कीं नाहीं, अशा प्रश्नांना काय उत्तर द्यावें, याची तालीम ती धाकट्या बहिणीबरोबर करून आलेली असते. आपल्याच देशांतून बाहेर पडण्यासाठीं ज्यांना उत्तरें पाठ करावीं लागतात त्यांची स्थिति एवढ्या एका प्रसंगावरून वाचकाला कळते. इस्माचा बाप आदिल पाशा जिहादांत सामील होऊन, अमेरिकनांच्या कैदेंत असतां, ग्वांतानामोच्या वाटेवर मेलेला. आईच्या मागें अनीका व परवेझ या जुळ्या भावंडांना इस्मानेंच वाढविलें. एकोणीस वर्षांच्या परवेझला नाना तऱ्हेचे आवाज टिपून ठेवण्याचा नाद आहे. त्याला फारूक नांवाचा मनुष्य भेटतो. तो त्याला राजकारण शिकवीत नाहीं. त्याच्या बापाच्या गोष्टी सांगतो. ज्या बापाचें नांव घरांत काढावयाचें नाहीं, तो शूर होता, हें कोणी तरी प्रथमच सांगत आहे! कांहीं महिन्यांत परवेझ सीरियांत 'इस्लामिक स्टेट'च्या गोटांत जातो. आणि इस्मा तें पोलिसांस कळविते. अनीका तिला क्षमा करूं शकत नाहीं.

या कादंबरींतील वाद सभेंत होत नाहींत, दोन बहिणींत होतात. आणि तेथेंच लेखिकेचें सामर्थ्य दिसतें. इस्मा म्हणते तें खोटें नाहीं: आधीं दोघींचा संसार वांचला पाहिजे. अनीका म्हणते तेंहि खोटें नाहीं: भावाला परत येण्याची वाट बंद करणारी बहीण कसली? वाचक एकीच्या बाजूस कलतो न कलतो तोंच दुसरीचें दुःख त्याला मागें ओढतें. गृहमंत्री करामत लोन हा ब्रॅडफर्डच्या मुसलमान वस्तींतून वर आलेला. त्यालाहि लेखिकेनें खलपुरुष केलेलें नाहीं. पेहरावांत, विचारांत वेगळेपणा मिरवूं नका, असा उपदेश तो आपल्या जुन्या शाळेंतील मुलांना करतो, तेव्हां त्याच्या बोलण्यांत त्याच्या स्वतःच्या चढणीचा घाम आहे. त्याचाच मुलगा एमन अनीकाच्या प्रेमांत पडतो. भाऊ परत यावा म्हणून तिनें आरंभीं हें प्रेम योजिलेलें असतें; पुढें त्याचें काय होतें, हें सांगून वाचकाचा रसभंग करीत नाहीं.

'हा मुलगा कोणाचा' या प्रश्नाची धार इस्माच्या वर्गांतील एका चर्चेंत उघडी पडते. ७ जुलै २००५ रोजीं लंडनच्या गाड्यांत व बसमध्यें बाँब उडवून चौघा तरुणांनीं ५२ माणसें मारलीं. त्यांतील तिघे इंग्लंडांतच जन्मलेले व चौघेहि तेथेंच वाढलेले. पण वर्तमानपत्रांनीं त्यांना नुसतें 'ब्रिटिश' कधीं म्हटलें नाहीं, मध्यें वंशाचा, धर्माचा किंवा पारपत्राचा कांहीं तरी आडपडदा घातला, असें इस्मा दाखवून देते. 'तो आमचा नव्हेच' असें म्हटलें कीं पुढें विचार करण्याचें कारण उरत नाहीं. परवेझ परत येऊं पाहतांना इस्तंबूलला मारला जातो, तेव्हां करामत लोन हेंच वाक्य कायद्याच्या भाषेंत बोलतो: प्रेत इंग्लंडांत यावयाचें नाहीं, बापाच्या मूळ देशांत जाईल. सॉफोक्लिसच्या 'अँटिगनी' नाटकांतील राजा क्रीऑन आणि भावाच्या अंत्यसंस्कारासाठीं झगडणारी बहीण यांची ही नवी मांडणी आहे, आणि ती लेखिकेनें लपविलेली नाहीं. ती केवळ कल्पनेची भरारी होती, असेंहि म्हणतां येत नाहीं. २०१५ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, लंडनहून सीरियाला गेलेल्या एका मुलीचें नागरिकत्व २०१९ सालीं ब्रिटिश सरकारनें खरोखरीच काढून घेतलें.

आतां दोषांकडे वळूं. दोन्ही ग्रंथांत एकच उणीव आम्हांस जाणवली. कॉनरॅडचे अराजकवादी लठ्ठ, आळशी, बाष्कळ आणि बायकांच्या पैशांवर जगणारे आहेत. एक 'प्रोफेसर' सोडल्यास कोणीहि आपल्या मतासाठीं करंगळी कापून देणार नाहीं. वाचक त्यांना हंसतो आणि निर्धास्त होतो. शमसीबाईंचा परवेझ बापासाठीं भुकेला आहे, म्हणून फसतो. फसला हें कळतांच पस्तावतो. त्याची कींव येते. परंतु जो फसलेला नाहीं, ज्यानें वाचून, समजून, मनापासून तो मार्ग पत्करला, असा मनुष्य दोघांनींहि दाराबाहेरच ठेवला आहे. वेडा आणि भाबडा यांच्याविषयीं सहानुभूति मागणें सोपें आहे. श्रद्धावंताच्या समोर बसून त्याचें ऐकणें कठीण, आणि वादाची खरी कसोटी तेथें आहे.

ही उणीव मराठी वाचकास विशेष खटकावी, याला कारण आहे. कॉनरॅडची कादंबरी निघाली त्याच वर्षीं लंडनांतील हायगेटच्या इंडिया हाउसमध्यें सावरकर राहत होते. १ जुलै १९०९ रोजीं मदनलाल धिंग्रांनीं लंडनांत कर्झन वायलीला गोळी घातली. त्याच वर्षाच्या २१ डिसेंबरला नाशिकच्या नाटकगृहांत अनंत कान्हेऱ्यांनीं कलेक्टर जॅक्सनला मारलें. सरकारदप्तरीं हे सर्व अत्याचारी. आमच्या घरांत त्यांच्या तसबिरी. आणि २६ नोव्हेंबर २००८ रोजीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हां त्या मारेकऱ्यांना काय म्हणावें, याविषयीं आमच्या मनांत क्षणभरहि संदेह नव्हता. परसत्तेचा अधिकारी आणि फलाटावर वळकटीजवळ झोंपलेलें कुटुंब यांत भेद आहे, आणि तो राहिलाच पाहिजे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, अठरा वर्षांचा सुशील, प्रेमळ मुलगा पिस्तूल घेऊन उभा राहूं शकतो, आणि तें तो डोकें फिरल्यामुळें नव्हे तर श्रद्धेमुळें करतो, हें आपल्या समाजानें आपल्याच घरांत पाहिलें आहे. म्हणून केवळ भोळ्या पोरांची कहाणी आपल्याला पुरत नाहीं.

'होम फायर'चा शेवटहि आम्हांस पुरता रुचला नाहीं. कराचीच्या बागेंत बर्फाच्या लाद्यांमध्यें ठेवलेलें भावाचें प्रेत आणि त्यापाशीं बसलेली अनीका, हें चित्र विसरूं म्हटलें तरी विसरत नाहीं. पण त्यानंतरचा अखेरचा प्रसंग जगभरच्या कॅमेऱ्यांसमोर इतका भव्य केला आहे कीं, पहिल्या भागांतील चुकलेल्या विमानाचें साधें दुःख त्याखालीं दबतें. ग्रीक नाटकाचें ऋण फेडतांना लेखिकेनें आपल्या माणसांकडून थोडें जास्त व्याज वसूल केलें. उलट, नवऱ्याचा खून केलेली विनी सर्वस्वीं एकटी पडून अंधारांत समुद्राकडे जाते, तेथें कॉनरॅडची भाषा थंड आणि निश्चल राहते, आणि तीच अधिक चटका लावते.

या उणिवा मान्य करूनहि हीं पुस्तकें घरांत यावींत, आणि शक्य तर वडील मंडळींनीं व कॉलेजांतील मुलांनीं तीं एकाच महिन्यांत वाचावींत, अशी आमची शिफारस आहे. त्यांनीं वाद मिटणार नाहीं. सरकारनें काय करावें, सीमेवर कोणास अडवावें, कोणास घ्यावें, याचें उत्तर कादंबरीकाराजवळ नसतें आणि तें त्याच्याकडे मागूंहि नये. पण पुढच्या वेळीं बातमी येईल आणि कोणी तरी "हा कोणांपैकीं?" म्हणून विचारील, तेव्हां विनीनें कोटाच्या आंत शिवलेला तो पत्ता ज्याला आठवेल, तो उत्तर देण्यापूर्वीं थोडा थांबेल. पोलीस तेवढ्या पुराव्यावरून परदेशांत गेले नाहींत. लंडनांतल्याच एका गल्लीच्या दारांत येऊन उभे राहिले, आणि आंत एक बहीण भावाची वाट पाहत होती.