उद्यासाठी ठेवलेला वाडगा

फराळाचे ताट शेजारी घेऊन वाचावा असा हा विषय नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु पुढे एका उपासाची हकीगत यायची आहे, आणि उपास म्हणजे काय हे आपल्या घरांना कुणी नव्याने सांगायला नको.

लढाई, दुष्काळ, बंदिवास यांत देवावरची श्रद्धा माणसाला तारते काय? प्रश्न जुना आहे. पण त्याचे उत्तर बहुधा श्रद्धाळूच देतात, म्हणून ते ऐकताना मन जरा साशंक राहते. प्रीमो लेवी या इटालियन लेखकाकडे मी पुनःपुन्हा वळतो तो याच कारणाने. तुरीनचा हा रसायनशास्त्रज्ञ जन्माने ज्यू, पण देव न मानणारा. १९४४ च्या फेब्रुवारीत, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो आउश्वित्झच्या छळछावणीत येऊन पडला. ज्या मालगाडीच्या डब्यातून त्याला नेले त्यातल्या ४५ माणसांपैकी फक्त चौघांना पुन्हा आपले घर दिसले.

हा नास्तिक १९८६ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, शेवटच्या पुस्तकात कबूल करतो, की छावणीत श्रद्धावंत आमच्यापेक्षा अधिक धीराने जगले आणि अधिक धीराने मेले. झां आमेरी हा दुसरा नास्तिक कैदी. त्यानेही १९६६ साली हेच लिहिले होते. विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराने दिलेली ही साक्ष असल्यामुळे ती मला शंभर प्रवचनांहून मोलाची वाटते. मात्र तिला एक शेपूट आहे, आणि ते आपले कीर्तनकार सांगणार नाहीत. लेवीच्या या श्रद्धावंतांत रब्बी आणि पाद्री आहेत तसेच मार्क्सवादीही आहेत! स्वतःपलीकडे काहीतरी आहे, आजच्या दुःखाला कुठेतरी अर्थ आहे, एवढे धरून ठेवले की पुरे. मग ते काय, याची त्या चिखलात फारशी मातब्बरी नव्हती.

श्रद्धेने बळ येते, हे तर मान्य. पण त्या बळाने माणूस कसा होतो? इथे लेवीचे १९४७ चे पहिले पुस्तक उघडावे लागते. १९४४ च्या ऑक्टोबरात गॅसकोठडीसाठी निवड झाली. नागव्या कैद्याने आपले कार्ड हातात घेऊन अधिकाऱ्यापुढून धावत जायचे. दोनचार क्षणांत निकाल. त्या रात्री एक म्हातारा कैदी, आपण वाचलो म्हणून, मोठ्याने देवाचे आभार मानू लागतो. शेजारच्याच फळीवर वीस वर्षांचा एक ग्रीक पोरगा दिव्याकडे टक लावून पडला आहे. परवा आपण जाणार हे त्याला कळून चुकले आहे. लेवीचा सारा संयम येथे सुटतो. मी देव असतो तर ही प्रार्थना थुंकून टाकली असती, अशा अर्थाचे तो लिहितो. तसा मोह त्यालाही झाला होता. निवडीच्या रांगेत त्याच्याही ओठांवर प्रार्थना येऊ पाहत होती. पण हरू लागल्यावर खेळाचे नियम बदलू नयेत, म्हणून त्याने ती गिळली.

मी स्वतः देवपूजा करणारा नाही, तरी त्या म्हाताऱ्याचा मला राग येत नाही. भयाने अर्धमेला झालेला माणूस कुणाचे तरी आभार मानणारच. मात्र सुटकेनंतर भेटायला आलेल्या एका धार्मिक स्नेह्याने लेवीला सांगितले, की तू लिहावेस म्हणून ईश्वरानेच तुला राखले. ते ऐकून लेवी शहारला, ते मला पटते. मग तो क्राकोचा धर्मनिष्ठ घड्याळजी, ज्याने पहिल्या दिवसांत लेवीला जगण्याचे नियम समजावले, तो का नाही राखला?

हे वाचताना देहूची आठवण कुणाला होणार नाही? १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचे दुकान बसले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. तुकोबा मात्र वाचलो म्हणून नव्हे, तर सर्वस्व गेले म्हणून देवाला बरे झाले म्हणतात. त्या म्हाताऱ्याच्या प्रार्थनेहून ही जात निराळी, यात शंका नाही. तथापि खरे सांगायचे तर त्या अभंगाशी मी दर वेळी अडखळतो. दुष्काळाने तुकोबांना विठ्ठल दिला. रखमाईला काय दिले? तिचा अभंग आपल्यापाशी नाही.

असो. उपासाची हकीगत राहिली. ती लेवीच्याच एका छोट्या कथेत आहे, आणि त्याच्या थोर पुस्तकांइतकीच ती मला प्रिय आहे. लिथुएनियातल्या एका खेड्यातला, शनिवारी प्रार्थनामंदिरात गाणारा एक कैदी. प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या पूर्वसंध्येला तो बराकीच्या मुकादमापुढे उभा राहतो आणि सांगतो, की आज मी जेवणार नाही. माझा वाटा उद्या संध्याकाळपर्यंत ठेवावा. त्या भुकेच्या राज्यात, जिथे भाकरीच्या तुकड्यासाठी चोऱ्या होत, तिथे हे बोलणे म्हणजे शुद्ध वेडेपणा. मुकादम हा जर्मन राजकीय कैदी. तो आधी गोंधळतो, मग प्रश्न विचारतो, दोघांची चक्क शास्त्रचर्चा होते. आणि शेवटी मुकादम तो वाटा खरोखरच बाजूला ठेवतो.

आमच्या लहानपणी आजी एकादशी करी, तेव्हा तिच्या दुसऱ्या दिवसाच्या पारण्याची आठवण घरात दुसऱ्याच कुणाला तरी ठेवावी लागे. या कथेत ते काम मुकादमाकडे येते. त्याचा त्या देवाशी काही संबंध नव्हता. तरी पुऱ्या एका दिवसभर, शेकडो भुकेल्या डोळ्यांदेखत, त्याने ते पातळ सूप सांभाळले.