ग्नावांची रात्र आणि तबकडीवरील संगीत

मोरोक्कोतील ग्नावा संगीताविषयी लिहिताना त्याने रोग बरा होतो की नाही, हाच वाद पुढे येतो. त्या वादात आम्हांस शिरावयाचे नाही. जे संगीत एका पीडित व्यक्तीकडे पाहून वाजविले जाते, ते तिच्यावाचून ऐकणाऱ्यास कितपत कळावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

सहारा ओलांडून गुलाम म्हणून आणलेल्या पश्चिम आफ्रिकी लोकांचे ग्नावा हे वंशज. एके काळी स्वतः गुलाम असलेले हजरत बिलाल हे त्यांचे आदिपुरुष. (भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या बावा गोर दर्ग्याशी निगडित सिद्दीही बिलालांशी आपले नाते सांगतात, मात्र त्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतले.) ग्नावांच्या मुख्य विधीस 'लीला' म्हणतात. आपल्या लीलेशी ह्या शब्दाचा संबंध नाही. अरबीत त्याचा अर्थ रात्र. ढोल आणि लोखंडी करकब ह्यांच्या गजरात मिरवणूक येते, मग पूर्वजांची आणि दास्याची आठवण देणारी गाणी होतात, आणि त्यानंतरच आत्म्यांना आवाहन केले जाते. प्रत्येकाचा रंग, धूप आणि सूर ठरलेला: समुद्राचा सीदी मूसा निळा, रक्ताचा सीदी हम्मू तांबडा, लल्ला मीरा पिवळी. ह्या आत्म्यांचे सामान्य नाव 'म्लूक'; आपला 'मालक' शब्द त्याच धातूचा. ज्यांचे पूर्वज विकले गेले, त्यांनी पीडेच्या कारणास हे नाव द्यावे, ह्यात आम्हांस केवळ योगायोग दिसत नाही. आणि हा मालक हाकलावयाचा नसतो. 'अंगात येणे' ह्या आपल्या शब्दाने अवस्था कळते, पण भूत उतरविण्याची कल्पना येथे लागू पडत नाही. त्याच्याशी जन्मभराचा सलोखा करावयाचा असतो.

म्हणूनच गिम्ब्रीच्या तीन तारांवर तोच स्वरसमूह पुनःपुन्हा येतो. त्यास कंटाळवाणे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, वाजविणाऱ्या उस्तादाची नजर नाचणारीच्या पावलांवर असते; ती थांबेपर्यंत त्याला थांबता येत नाही.

एस्सावीराचे उस्ताद महमूद गिनिया (मृत्यू २०१५) आणि अमेरिकन सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स ह्यांची १९९४ ची 'द ट्रान्स ऑफ सेव्हन कलर्स' ही तबकडी ऐकताना हीच उणीव जाणवते. सॅक्सोफोन जेथे गिम्ब्रीच्या आवर्तनास शरण जातो, तेथे तो पीडिताच्या किंकाळीजवळ येतो. इतरत्र तो पाहुणाच राहतो. पण गाणे कोठे संपावे, हे तेथे कोणाची पावले ठरवीत नाहीत.

एस्सावीरात १९९८ पासून ग्नावा महोत्सव भरतो. २०१९ मध्ये युनेस्कोने ही परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदविली. उपेक्षितांना मान आणि मिळकत मिळाली, ह्याबद्दल कुरकुर करणे आम्हांस शोभणार नाही. मात्र रंगमंचावर उस्तादाचे तोंड हजारो श्रोत्यांकडे असते, आणि ज्या एका बाईसाठी तो रात्रभर वाजवीत असे, ती असलीच तर त्या गर्दीत कोठेतरी उभी असते.