'गैरव्यवस्थापित कचरा' : एका संज्ञेची चिकित्सा

सागरी प्लास्टिकाविषयीच्या 'सायन्स'मधील २०१५ च्या लेखाने किनारी राष्ट्रांचा क्रम 'गैरव्यवस्थापित कचऱ्या'वरून लावला. भारत १२ वा, अमेरिका २० वी. या संज्ञेत कर्ता लुप्त आहे. दोष ती व्यवस्थेत पाहते, उत्पत्तीत नव्हे. कात्रजहून आंबिल ओढ्यात वाहणारी पिशवी तिला दिसते. परदेशी निर्यात झालेला कचरा मात्र त्या मोजणीतून सुटला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या २०२१ च्या अहवालाने उत्पत्तीचाच प्रश्न पुढे आणला, हे त्याचे श्रेय होय : २०१६ मध्ये त्या देशात ४.२ कोटी टन, म्हणजे दरडोई सुमारे १३० किलो प्लास्टिक-कचरा झाला, जगात सर्वाधिक. यामुळे कात्रजचा दोष नाहीसा होत नाही. परंतु दोषाची वाटणी संज्ञेनेच आधी उरकून घ्यावी, हे शास्त्राला शोभत नाही.